एका पोटात दोन औषधं

मी बी.एस्सी. झालो तो थोरल्या चुलत्यांमुळे. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. फौजेतून निवृत्त होऊन ते कुंडलला शेती बघत. वडील गेल्यावर त्यांनीच मला सांगलीच्या कॉलेजात घातलं. घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे कुठलाही अवघड प्रश्न ते माझ्यासाठी राखून ठेवत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याला नोकरीला होतो. सुट्टीत घरी गेलो तर देव्हाऱ्याशेजारी एक उंच काळी बाटली. कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या फळाचा रस. कुपवाडच्या कारखान्यात असलेल्या माझ्या वर्गमित्रानंच तो आणून दिला होता. साखर, सांधे, रक्तदाब, सगळ्यावर चालतो म्हणे.

चुलतीनं बाटलीवरच्या चित्रावर बोट ठेवलं. "आवं, ही तर आपल्या बांधावरची बारतोंडी! पोरंबी तोंडात घालत न्हाईत. इमानातनं आली म्हणून गुणाची झाली व्हय?"

"तू गप," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "गड्या, एवढं सांग. साखरेची गोळी बंद करू का? एका पोटात दोन औषधं भांडत्यात. गोळ्यांची पट्टी संपत आलीया. नवी आणू का नको, पत्रानं कळीव."

वैद्याची पुडी चालू असली की डॉक्टरची गोळी घ्यायची नाही, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. "विचारून कळवतो," म्हणालो.

परतताना मित्र मला सांगलीत त्या रसाच्या सभेला घेऊन गेला. टाय लावलेला माणूस बोलत होता. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता मांडी घालून जेवते." त्या खोटं बोलत होत्या असं मला आजही वाटत नाही. मी उठून गोळीचं विचारलं.

"सर, आम्ही कुठं बंद करा म्हणतो?" तो हसला. "पण विश्वास पूर्ण हवा!"

टाळ्या पडल्या. म्हणजे होय की नाही, मला कळेना. तिथून तात्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

ते म्हणाले, "रसाचं मला माहीत नाही, बाटली घेऊन त्यांना दाखवायला येऊ दे, मग बघू. गोळीचं माहीत आहे. ती थांबवायची नाही."

पण हे तात्यांना पटवायचं कसं? शेवटी साताऱ्याला पोचल्यावर लिहिलं:

"तीर्थस्वरूप तात्या,

रस चांगला की वाईट, मला अजून कळलेलं नाही. लोकांना गुण येतो म्हणतात, कशानं येतो ते कळत नाही. बारतोंडीचंही काकू म्हणतात ते खरं असेल. पण मित्राकडची बाटली फिरवून बघितली. मागं बारीक इंग्रजीत छापलंय की हे औषध नाही. औषधच नाही, तर ते गोळीशी भांडेल कशाला? रस प्यायचा का, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पट्टी मात्र आजच आणा. एवढं शिकवलंत, तरी याहून जास्त सांगता येत नाही. रागावू नका."