मी निवडलेली ज्यूरी

आधी कप खाली ठेवा, हसताना चहा सांडेल! भर कोर्टात मी जे दिवे लावलेत ना, त्यानंतर आमची ही माझ्याबरोबर सरकारी कचेरीत यायला तयार नसते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा आखातात नोकरीला होतो. अल नहदाच्या वळणावर माझ्या गाडीचा एका सायकलवाल्याला धक्का लागला. बिचाऱ्याचा पाय मोडला. पुढे पाय जुळला, त्यानं माफही केलं, पण केस फौजदारी! पासपोर्ट जमा. आणि पुण्यात धाकट्या बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर. वडील नाहीत, कन्यादान मीच करायचं. झोप उडाली हो!

मग काय, डिशवर दिसतील तेवढ्या अमेरिकन कोर्टाच्या मालिका पाहिल्या. एक कळलं, खटला जिंकायचा तर निकाल देणारी ती बारा जणांची ज्यूरी नीट निवडायची. न पटणारा माणूस आधीच काढून टाकायचा.

बायको म्हणाली, "अहो, इथे असतं का तसलं काही?"

"तू गप गं! कोर्ट म्हटलं की ज्यूरी आलीच!"

कोर्टात पाऊल टाकलं. केवढं ते दालन! काय ती शांतता! उंचावर न्यायाधीश. मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. आणि बाजूच्या बाकांवर बारा माणसं! मोजली ना मी, बाराच!

सगळ्यांना वाकून नमस्कार केला. तेही गोड हसले. फक्त टोकाचा चष्मेवाला आठ्या घालून बसलेला.

कंपनीची सरकारी कामं बघणारे कुट्टी शेजारी होते. मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, "कुट्टीभाई, बाकी सब चलेगा. वो चष्मेवाले को निकालो. शकल से ही खडूस है!"

कुट्टींनी कपाळावर हात मारला. "अरे साब, इधर ज्यूरी नहीं होता! वो सब आपके जैसे हैं, अपने-अपने केस के लिए बैठे हैं."

"और चष्मेवाला?"

"वो कोर्ट का ट्रान्सलेटर है. हिंदी उसको आपसे अच्छा आता है."

बोंबला! म्हणजे आता बहिणीचं कन्यादान त्या माणसाच्या जिभेवर!

पण काय माणूस होता सांगू! बंगाली, मल्याळी, पठाण, ज्याचं त्याचं बोलणं धडाधड अरबीत. मी थक्क! मग माझी पाळी आली. मी पाच मिनिटं बोललो, बहीण, वडील, पश्चात्ताप, डोळ्यांत पाणी. त्यानं शांतपणे ऐकलं आणि अरबीत एक वाक्य टाकलं. एकच!

न्यायाधीश माझ्याकडे बघून चक्क हसले. थोडा दंड, पासपोर्ट परत. खलास!

बाहेर मी त्याचे हात धरले. "भाईसाब, आपने एक लाइन में ऐसा क्या बोला?"

"बोला, आदमी बेवकूफ है, मगर बदमाश नहीं."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हात जोडून म्हणाली, "काय हुशार असतात हो ही माणसं! एक शब्दसुद्धा चुकला नाही!"