पावसाचं कारण

"कागदावर शिक्का पाह्यजे साहेब," समोरचा माणूस म्हणाला. "पाऊस माह्या बहिणीनं नाही अडवला, असं लिहून द्या."

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता. मी नागपूरला हवामान कार्यालयात ऑब्झर्व्हर होतो. पाऊस मोजायचा, रजिस्टरात लिहायचा, हे काम. समोरचे नत्थूजी हातमागावर लुगडी विणायचे. त्यांची बहीण पार्वताबाई रामटेकपलीकडच्या एका खेड्यात राहायची. आदल्या वर्षी तिचा नवरा वारला. त्यानंतर धानाचे दोन हंगाम बुडाले. बाईनेच करणी केली, असं गाव म्हणू लागलं.

"विहिरीवर येऊ देत नाहीत तिले. नाल्यात खड्डा करून पाणी भरून राहिली. शनिवारी बैठक हाय. काढतीन तिले गावातून."

मी आमच्या साहेबांकडे गेलो.

"आकडे द्या," ते म्हणाले. "कारण लिहू नका."

"सर, त्यांना कारणच हवंय."

"ते आपल्याला तरी कुठे माहीत आहे?"

खरंच होतं. लागोपाठ वर्षं कोरडी का जातात, यावर तेव्हा बरीच मतं होती. सूर्यावर काळे डाग दिसतात, ते कमीजास्त होतात. कुणी त्याकडे बोट दाखवायचं. कुणी म्हणायचं, ज्वालामुखीची धूळ आभाळात उंच जाते आणि ऊन अडवते. कुणी पॅसिफिक महासागरावरच्या हवेच्या दाबाचा हिशेब मांडायचं. प्रत्येकाच्या लेखात शेवटी 'शक्यता' हा शब्द असायचाच.

मग मी जुनी रजिस्टरं काढली. तीन दिवस बसलो. अठराशे नव्व्याण्णवचा दुष्काळ सापडला. मानमोडीच्या तापाची साथ आली, त्या एकोणीसशे अठराचा सापडला. पार्वताबाईंचा तेव्हा जन्मही नव्हता. यापुढे कोण काय बोलणार, असं मला वाटलं. स्वतःवर खूश होतो मी.

शनिवारी नत्थूजींबरोबर एसटीने गेलो. माणसं पारावर बसली होती. पार्वताबाई लांब, एकट्या, डोक्यावरचा पदर धरून बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. मी आकडे वाचले. पाऊस फक्त तुमच्याकडे नाही, नागपूरलाही कमी झाला, हे सांगितलं. जुने दुष्काळ सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकलं.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग कारण काय साहेब?"

मी सूर्य, धूळ, समुद्र, सगळं सांगितलं.

"पक्कं हाय का हे?"

"पक्कं नाही. अभ्यास चालू आहे."

"अन् ते जुने दुष्काळ काहून पडले?"

"तेही नक्की माहीत नाही."

म्हातारा रागावला नव्हता. उलट माझी अडचण सोडवत असल्यासारखा म्हणाला, "मंग तवाबी कोणी असंनच नं."

माणसांनी माना डोलावल्या. पार्वताबाई उठल्या. निकालासाठी थांबल्याच नाहीत. घरातून एक बोचकं घेऊन आल्या आणि रस्त्याला लागल्या.

भावाकडे नागपूरला येताना एसटीत त्यांनी मला एकच विचारलं. "भाऊ, जुन्या दुष्काळात मी नव्हती नं?"

"नव्हतात."

"हं," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजताना मला बरं वाटायला हवं होतं. पावसाळा सरता सरता नत्थूजी कार्यालयात आले.

"गावात धान जोरदार हाय," ते म्हणाले. "लोक म्हणतात, बाई गेली अन् पाऊस आला."

"म्हणू द्या. पाऊस सगळीकडेच आलाय."

"लोकाइचं सोडा साहेब. आता तिलेबी तसंच वाटून राह्यलं. पाणी पडलं का दारात येत नाही. म्हणते, मले पाहून थांबंन."

मी रजिस्टर घेऊन नत्थूजींच्या घरी गेलो. पार्वताबाईंनी चहा केला. मी आकडे दाखवत गेलो, त्या हो-हो म्हणत गेल्या. दाराबाहेर रिमझिम चालू होती. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

आमच्या कामात एका वर्षाच्या पावसावरून कुणी निष्कर्ष काढत नाही. निदान तीस वर्षांच्या नोंदी लागतात. पार्वताबाई त्यानंतर चार पावसाळे जगल्या.