विहिरीतलं कासव अन् देवमासा

दुपारच्या बातम्यांत, जहाजातून सांडलेल्या तेलात अडकलेला देवमासा दाखवला. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं, अन् तेल वरच पसरतं. एवढं सांगून ती बातम्या देणारी बया खुशाल क्रिकेटकडे वळली! पाणी साफ राहावं म्हणून आमच्या विहिरीत कासव सोडलेलं होतं, अन् सकाळीच इंजिनाचं जळकं ऑइल तिच्यात सांडलं होतं. मी शेताकडे पळत सुटले.

"अण्णा, आपलं कासव मरून राह्यलं!"

"ओरडू नको. जल्दी ते गाठोडं आण," वडील म्हणाले.

तीर्थपुरीच्या बाजारात विकायला बांधलेला कापूस ते तेल शोषायला विहिरीतल्या तवंगावर पसरत गेले. मधूनच कासवाचं काळं नाक वर आलं. गाठोडं संपलं, तवंग उरलाच. समुद्राला एवढा कापूस कोण देणार?