पाला घेऊन येते

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी परभणीला परत निघालो, तेव्हा गंगामावशीने नेहमीसारखे पिशवीत तिळाचे लाडू, हरभऱ्याची वाळवलेली भाजी आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी भरल्या. पिशवीचं तोंड सुतळीने घट्ट आवळलं. मग खुंटीवरचा विळा काढला, दोर खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "बस जरा. शेळीला पाला घेऊन येते." मी "बरं" म्हणालो. ती ओट्यावरून उतरली आणि गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. मी उरलेला चहा संपवला, थोडा वेळ बसलो, दाराला कडी लावली आणि पालमच्या गाडीसाठी फाट्यावर गेलो. ती येणार नाही हे मला माहीत होतं. लहानपणापासून मी या घरातून जेव्हा जेव्हा निघालो, तेव्हा तेव्हा मावशी अशीच पाल्याला गेलेली असायची. तिची माझी शेवटची भेटही तशीच झाली… तिच्या पाठीवर लोंबणारा तो दोर, बस्स.

पुढच्या महिन्यात एका सकाळी माझ्या बहिणीचा, सवीचा, फोन आला. "भिया…" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आमच्या गोरमाटी बोलीत भिया म्हणजे भाऊ. मावशी चुलीपाशी बसल्या बसल्या गेली होती. शेजारच्या सुभद्राकाकू विस्तव मागायला आल्या, तेव्हा त्यांना ती भिंतीला टेकलेली दिसली.

गंगामावशी आमच्या नात्यातली नव्हती, जातीतली नव्हती आणि बोलीतलीही नव्हती. पालम तालुक्यातल्या एका लहानशा गावात तिचं दोन खोल्यांचं घर होतं आणि ओढ्यापलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा. तिचा नवरा होता तोवर माझे वडील त्यांच्या शेतात कामाला असत. बाकी दिवाळी झाली की तांड्यातल्या बहुतेक घरांसारखे आमचेही आईवडील ऊसतोडीला जात आणि आम्हा दोघांना बरोबर नेत. माझी शाळा दरवर्षी अर्ध्यावर सुटायची. एका वर्षी तिकडे उसाच्या फडावर सवीच्या छातीत कफ भरला. ती दीड वर्षांची होती आणि मरता मरता वाचली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या वर्षी या लेकराला अशा थंडीत आणू नका. पण ठेवायचं कुणाजवळ? आजी वारली होती, आणि तांड्यात मागे उरत ती सगळी थकलेली म्हातारी माणसं. त्या दिवाळीत वडील आम्हाला घेऊन मावशीच्या दारात उभे राहिले. "बाई, गुढीपाडव्यापर्यंत लेकरं ठेवता का?" मावशीला मूलबाळ नव्हतं आणि नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. तिने वडिलांना एवढंच विचारलं, "लहानी काय खाती?"

सवीला तेव्हा गोरमाटीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. मला दुसरीपर्यंतच्या शाळेतली मराठी येत होती. पहिले काही दिवस सवी दाराच्या उंबऱ्यावर बसून "याडी, याडी" करत रडायची. याडी म्हणजे आई. मावशी तिला जवळ घेऊन मायेने काहीबाही बोलायची, पण ते परके शब्द कानावर पडले की पोरगी आणखीच मोठ्याने रडायची. शेवटी मावशीने मला चुलीपाशी बसवलं. "परकाश, आता तू मास्तर अन् मी पोरगी. भाकरीला काय म्हणता रे तुमी?"

"बाटी."

"ये म्हणायला?"

"आव."

"अन् पाण्याला?"

"पाणी."

"पाणीच म्हणता व्हय? बरं झालं बाबा, एक तरी फुकटात मिळाला."

मग तिने तव्यावरची भाकरी उतरवली आणि बाजारात भाजी विकणाऱ्या बाईसारखी मोठ्याने हाक मारली, "सवी, आव! बाटी!" सवीचं रडणं थांबलं. ती उंबऱ्यावरून वळून बघायला लागली, हे कोण बोललं म्हणून. मावशीने पुन्हा हाक मारली. सवी उठली, लटपटत चुलीपर्यंत आली आणि तिने भाकरीसाठी हात पुढे केला. त्या घरातला तिचा तो पहिला घास. पुढच्या काही दिवसांत मावशी माझ्याकडून बरंच शिकली. "रो मत, याडी आवच," म्हणजे रडू नको, आई येतेय, हे वाक्य तर ती जात्यावर बसल्यासारखं एका लयीत म्हणायची. तिचे उच्चार ऐकून मी पोट धरून हसायचो. गल्लीतल्या बायकाही हसायच्या, पण त्यांचं हसणं वेगळं असायचं. आम्ही तिच्या चुलीपाशी बसतो हे काहींना खटकत होतं. सुभद्राकाकू एकदा भिंतीवरून म्हणाल्या, "काय वो गंगाबाई, आता घागरा कव्हा शिवायला टाकायलाव?" मावशी भांडी घासत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "कापड तुमी घेऊन द्या, आजच टाकते. लाल घ्या बरं, मला लाल शोभतंय." त्यानंतर काकूंनी तो विषय काढला नाही. उलट पुढे त्याच सवीसाठी ताकाचा तांब्या आणून द्यायला लागल्या.

लेकरं बोली पटकन उचलतात. थंडी ओसरेपर्यंत सवी मावशीसारखंच "कामून", "न्हाई", "लय" असं बोलायला लागली आणि तिची गोरमाटी कमी कमी होत गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. मावशी मात्र घाबरली. तिने घरात नियम केला की दिवे लागल्यावर जेवताना फक्त आमची बोली बोलायची. मी कुरकुर केली. "शाळेत मराठी लागते," म्हणालो. "शाळेतलं शाळेत," ती म्हणाली. "तुही माय आल्यावर ती काय तुही परीक्षा घेणार हाय का? तिच्याशी बोलायचं कसं ह्या पोरीनं?" मग मी सवीला तांड्यातल्या गोष्टी सांगायचो, याडी तिकडे काय करत असेल ते सांगायचो, कोयता, मोळी, बैल… आणि मावशी समोर बसून, अर्धंमुर्धं समजत, हुंकार द्यायची.

ती एवढी का घाबरली हे तिने मला पुष्कळ वर्षांनी, मी कॉलेजात असताना सांगितलं. आम्ही ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो. तिच्या लहानपणी घरात खायची मारामार होती, म्हणून तिला तेलंगणातल्या आत्याकडे ठेवलं होतं. आत्याच्या घरी सगळे तेलुगू बोलत. काही वर्षांनी आई न्यायला आली. "माय बोलायलीय बोलायलीय, अन् मी नुस्ती तिच्या तोंडाकडं बघायले," मावशी म्हणाली. "तिनं मला जवळ वढलं, तर मी आत्याच्या मागं लपले. पुढं शिकले मी मराठी. पर मायच्या डोळ्यातलं ते काही गेलं न्हाई बघ." एवढं बोलून ती पुन्हा शेंगा सोलायला लागली.

त्या पहिल्या वर्षातली एक दुपार मला आजही स्पष्ट दिसते. मावशी ओट्यावर सवीला पुढ्यात घेऊन वेणी घालत होती. सवीने मान मागे टाकून तिच्याकडे पाहिलं आणि अगदी सहज तिला "याडी" म्हणाली. मावशीचा हात थांबला. मी अंगणात गोट्या खेळत होतो. मला वाटलं, आता ती पोरीचा मुका घेईल. तिच्या चेहऱ्यावर तसं काही आलंही होतं… पण ती म्हणाली, "मी मावशी. मावशी म्हण. याडी उसाला गेलीय, याडी आवच." सवी ऐकेना. "याडी, याडी" करत तिने पदर ओढला, रडली. मावशी त्या नावाला ओ देईना. मला तिचा राग आला होता. नुसती हाक तर मारत होती पोर! मावशीने घातलेली वेणी सोडली, पुन्हा तेल लावलं आणि तीच वेणी पुन्हा घातली.

पाडव्यानंतर आईवडील आले. सामानाची गाठोडी ओट्याबाहेर टाकून याडी धावतच आत शिरली आणि तिने सवीपुढे हात पसरले. उन्हाने याडी काळवंडली होती, वाळली होती. सवीने तिच्याकडे पाहिलं आणि ती मावशीच्या मागे जाऊन लपली. मावशीने तिला पुढे सारलं, "याडी आली बघ, आव म्हण," पण पोरीने तिचं लुगडं दोन्ही मुठींनी धरून ठेवलं. याडीने पसरलेले हात मागे घेतले. ती आमच्या बोलीत वडिलांना म्हणाली, "लेकरू जगलं, पण माझं राहिलं नाही. पुढच्या वर्षी फडावरच घेऊन जाईन. मेलं तर माझ्याजवळ मरेल." मावशीला हे कळणार नाही असं तिला वाटलं असावं. पण मावशीला तोवर सगळं कळायला लागलं होतं.

तिने सवीच्या मुठी एक एक बोट करून सोडवल्या. खुंटीवरचा विळा घेतला, दोर खांद्यावर टाकला. "बसा तुमी. शेळीला पाला घेऊन येते," म्हणाली आणि गेली. सवीने आकांत केला. याडीने तिला उचललं तर ती तिला चावली. ऊन चढत गेलं. मावशी येईना. दुपारी सवी रडून रडून थकली, तिला भूक लागली. याडीने टोपलीतली भाकरी दुधात कुस्करली आणि हलकेच म्हणाली, "आव, बाटी." सवीने चमकून पाहिलं. रोज चुलीपाशी ऐकलेले तेच शब्द, पण या बाईच्या तोंडी ते किती सरळ येत होते! ती गुडघ्यांवर रांगत पुढे सरकली आणि तिने तोंड उघडलं. याडी एकीकडे भरवत होती आणि एकीकडे डोळे पुसत होती. मग दोघींचं काहीतरी बोलणं सुरू झालं. याडी विचारायची आणि सवी, अडखळत का होईना, आमच्या बोलीत उत्तर द्यायची.

दिवस मावळताना मावशी परत आली तेव्हा सवी याडीच्या मांडीवर झोपली होती. मावशीच्या खांद्यावर नुसता दोर होता. दिवसभराची उपाशी शेळी तिला बघून ओरडायला लागली. याडीने एकदा शेळीकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या दोराकडे. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, फुडल्या साली बी ठेवता न्हवं लेकरं?"

तेव्हापासून आम्ही दहा हिवाळे त्या घरात काढले. माझी शाळा पुन्हा कधी अर्ध्यावर सुटली नाही. आमच्या तांड्यातला मी पहिला पदवीधर. आज परभणीत सरकारी कार्यालयात टेबलखुर्चीवर बसतो, त्याच्या मुळाशी ती चूल आहे. निकालाचे पेढे घेऊन गेलो तेव्हा तिने पेढा हातात धरून विचारलं, "याडीला दिलास का आधी?" दिला होता, म्हणून खाल्ला. दरवर्षी आईवडील न्यायला आले की ती पाल्याला जायची. मी कॉलेजला निघालो तेव्हा गेली. एकदा मी हटकलंच, "मावशी, मी निघालो की नेमकी शेळीला कशी काय भूक लागते?" तर म्हणाली, "उपाशी मेली तर चहाला दूध तू देणार हायस का?"

सवीच्या लग्नातही तिने तेच केलं. आमच्यात सासरी निघताना नवरी एकेका नातलगाच्या गळ्यात पडून, गाणं म्हणत रडते. त्याला ढावलो म्हणतात. सवी याडीच्या गळ्यात पडून आमच्या बोलीत असं काही रडली की जमलेल्या म्हाताऱ्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले. मग ती मावशीला शोधायला लागली. मावशी मांडवात नव्हती. सवीने ती गोष्ट मनाला फार लावून घेतली. वर्षभर ती तिच्याशी धड बोलली नाही. पुढे राग गेला, पण "माझ्याच वेळेला कशी गेली ती?" हे तिच्या बोलण्यात अधूनमधून यायचंच. अलीकडे हिवाळ्यात सवी माहेरी आली की मावशीच्या ओट्यावर बसून उसाच्या फडावर गेलेल्या याडीला फोन लावायची. मावशी तिला फोनचा आवाज मोठा करायला लावायची आणि त्या मायलेकींचं लांबलचक बोलणं, भिंतीला टेकून, गाणं ऐकावं तसं ऐकत बसायची.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. घर आवरायला सवी दोन दिवस मागे राहणार होती. शेळी सुभद्राकाकूंच्या दावणीला गेली होती. काकू आमच्याजवळ बसल्या आणि आपणहून म्हणाल्या, "पाला कुठला घेऊन बसलाव! मारुतीच्या मागं बांधावर ती बाभळ हाय न्हवं, तिथं बसायची ती. तिथून फाटा दिसतो. तुमची गाडी हालली की उठायची. तुह्या लग्नात बी तिथंच व्हती गं, सवे. वऱ्हाडाचा ट्रक दिसेनासा होईस्तोर. मीच घेऊन आले तिला घरी." सवी मावशीच्या एका लुगड्याची घडी घालत होती, तीच परत परत घालत राहिली.

माझी निघायची वेळ झाली. पिशवी सवीने भरली, सुतळीने बांधली. मला वाटलं, आता ती दारात उभी राहील आणि आम्हा दोघांनाही ते जड जाईल. तिने खुंटीवरचा विळा काढला, दोर खांद्यावर टाकला. "भिया, बस जरा," ती आमच्या बोलीत म्हणाली. "शेळीला पाला घेऊन येते." अंगणातला शेळीचा खुंटा रिकामा होता. मी "बरं" म्हणालो.

थोडा वेळ बसलो. दाराला कडी लावली आणि फाट्यावर गेलो. एवढ्या वर्षांत मी तिथून कधी मागे पाहिलं नव्हतं. या वेळी गाडी आली तेव्हा पायरीवर पाय ठेवून वळलो. मारुतीचं देऊळ दिसत होतं, त्यामागची बाभळ दिसत होती, पण तिच्याखाली कोण बसलंय हे दिसावं इतकी ती जवळ नव्हती. कंडक्टर चला चला म्हणत होता. मी हात उंच केला आणि गाडी हालेपर्यंत तसाच धरून ठेवला.