ओढ्यातला बिबट्या

आमच्या शेजारचे माजी सुभेदार "चहा घ्या" म्हणाले तरी हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ओढा साफ करायला सरकारी अनुदान मिळावं म्हणून त्यांनीच अर्ज केला होता. पाहणीला आलेल्या मॅडमना ओढ्याकाठी आम्ही दोघंच दिसलो. त्यांनी विचारलं, "गावाचा सहभाग कुठंय?"

"येतोय की," म्हणत सुभेदारांनी देवळातला माइक गाठला. "ओढ्यात बिबट्या दिसलाय!"

बघता बघता सगळं गाव काठ्या घेऊन ओढ्यात उतरलं.

"आवं सुभेदार, बिबट्या कुठं हाय?"

"त्यो गेला. गाळ हाय. आलाय तर फावडी घ्या."

शिव्या घालत लोकांनी गाळ उपसला. मॅडमनी हसू दाबत फोटो काढले. अनुदान मंजूर झालं.

काल सुभेदारांनी माइकवरून झाडं लावायला बोलावलं, अगदी खरं सांगून. आम्ही चौघंच गेलो.

"गड्या," ते मला म्हणाले, "आता वाघच सोडाय लागतोय."