कच्ची राहिलेली चकती

माझी ताई सिरॅमिकवर पीएचडी करत होती. लोकांना सांगितलं की ते कपबशांबद्दल विचारत, म्हणून तिने सांगणंच सोडलं. तिचा सगळा जीव होता एका बटणाएवढ्या चकतीत. अशा चकतीत अणू रांगा लावून बसलेले असतात. ताईचं म्हणणं, माझ्या चकतीत काही अणू जागा चुकलेत आणि त्या गडबडीमुळेच ती उष्णता अडवते. एवढं सिद्ध करण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली.

चकती भट्टीतून काढून लालभडक असतानाच पाण्यात टाकायची, म्हणजे अणूंना आपापल्या जागी परतायला सवड मिळत नाही. बहुतेक चकत्या तडकायच्या. एकच धड निघाली. एक्स-रे यंत्राच्या आलेखात तिच्या टोकदार शिखरांच्या मधे बुटका फुगवटा यायचा. तो फुगवटा म्हणजे जागा चुकलेले अणू, म्हणजेच ताईची पदवी.

तिच्या सरांना मात्र तो बघवत नसे. "कच्ची राहिलीय," म्हणत नाक मुरडायचे. पाहुण्यांना दाखवायचा नमुना आधी पुन्हा एकदा मंद आचेवर भाजून घ्यायचा, ही त्यांच्या प्रयोगशाळेची जुनी रीत. पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तशी.

परीक्षक आले त्या दिवशी मीही सोबत गेले होते. ताईने सगळ्यांसमोर चकती यंत्रात ठेवली. पडद्यावर सुईसारखी शिखरं उगवली. मधे सगळं सपाट.

"मॅडम, प्रबंधात लिहिलेली गडबड कुठंय?" परीक्षकांनी विचारलं.

ताईने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते, जणू तिथे काही फार महत्त्वाचं चाललं होतं. प्रबंध नाकारला गेला.

व्हरांड्यात येऊन सर हळूच म्हणाले, "अगं, काल मीच ती भट्टीत मंद आचेवर ठेवली होती. तुझं चांगलं व्हावं म्हणून."

"मग आत जाऊन सांगा ना, सर. ते अजून चहाच घेतायत."

"आता कसं सांगू? बरं दिसेल का ते?"

असा संताप आला मला! रस्ताभर माझीच तोंडाची टकळी चालू होती.

आई दारातच उभी होती. "झालीस का गं डॉक्टर?"

"नाही," ताई चपला काढत म्हणाली. "पण सरांनी फार मदत केली."