आम्हाला कल्पना होती

"आई, चल आत. उगाच लाज काढू नकोस," असं म्हणून माझ्या मुलाने माझा दंड धरला आणि सत्तर-ऐंशी माणसांसमोर मला हॉलमधून स्वयंपाकघरात नेऊन सोडलं. माझ्या हातात झारा होता. त्यातून तेल ठिबकत होतं. मागे बायका हसत होत्या. आठ वाजायला पाच मिनिटं होती.

मी गेले.

ओढून नेलं असं मी सांगणार नाही. माझे पाय चालत गेले. पुण्यात तीस वर्षं मी लोकांच्या मोरीत बसून भांडी घासली. 'आत जा' म्हटलं की पाय आधी निघतात, डोकं मागून येतं.

झालं होतं ते असं. नेदरलँड्समध्ये झूटरमेर नावाच्या शहरात मी मुलाकडे राहते. तो कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, आणि इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाचा महाराष्ट्र दिन एक मेला होत नाही. सुट्टी नसते, म्हणून जवळचा शनिवार धरतात. त्या वर्षी शनिवारी चार मे आला. चार मे हा इथे युद्धात मेलेल्यांचा दिवस. संध्याकाळी आठला अख्खा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो. बस थांबते. सायकलवाला खाली उतरतो. आमच्या हॉलसमोरच्या चौकात मेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. आणि आमच्या कार्यक्रमात बरोबर आठला ढोल होता.

मला हे ठाऊक होतं ते याकोबमुळे. याकोब आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. नव्वदीला टेकलेला ज्यू माणूस. मुलगा-सून कामाला गेले की आम्ही दोघं तळ्याभोवती फिरतो. तो चाकांचा वॉकर ढकलत, मी पिशवी घेऊन. दहा वर्षांत त्याच्याकडून मी मोडकंतोडकं डच शिकले. तरुणपणी तो जर्मनांच्या छावणीतून पळाला होता, एवढं त्याने सांगितलं होतं. त्यापुढे मी विचारलं नाही, तो बोलला नाही. त्या दिवशी मीच त्याला आग्रह केला होता, चौकातलं झालं की आत ये, श्रीखंड-पुरी खा.

म्हणून मी तळण टाकून हॉलमध्ये आले. अध्यक्षीण वैशालीताईंना म्हणाले, "ढोल दहा मिनिटं थांबवा. बाहेर माणसं उभी राहतायत."

"आजी, सगळं मिनिटामिनिटाचं ठरलंय. साडेआठला जेवण आहे. मुलांना भुका लागतात."

"त्यांचे मेलेले आहेत हो."

"ते त्यांचं. आज आपला दिवस आहे ना?"

मागून एकजण ओरडला, "आजी नागरिकत्वाची परीक्षा पास झालेल्या दिसतात!" एक बाई म्हणाली, "डच पेपर कधीपासून वाचायला लागलात, आजी? पुऱ्या तेवढ्या टम्म फुगू द्या." सगळे हसले. माझा मुलगा लाल झाला. मग त्याने दंड धरला.

स्वयंपाकघराची खिडकी चौकावर उघडते. तळणाचा धूर होतो म्हणून मीच ती सताड उघडली होती. मेमध्ये इथे आठला लख्ख उजेड असतो. सगळं दिसलं. दगडाभोवती माणसं माना खाली घालून उभी. आणि आमचा ढोल. ताशा. लेझीम. एकेक मान आमच्याकडे वळली. याकोबचीही. त्याने मला खिडकीत पाहिलं.

मी पुरी उलटली. ती करपत होती म्हणून उलटली. मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

तो जेवायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन त्याची माफी मागितली. तो 'असू दे' म्हणाला नाही. ते बरं केलं त्याने.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. स्वयंपाकघरात पाठवलं मला."

"गेलीस?"

"गेले."

त्याने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. मग म्हणाला, "मीही गेलो होतो."

तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ज्यूंनी भरलेली आगगाडी मध्येच थांबवून जर्मनांनी त्याच्यासारखी धडधाकट पोरं कामाला उतरवून घेतली. बाकीचे पुढे गेले. पुढे काय होतं ते त्याला कामाच्या छावणीत कळलं. तिथून तो पळाला. कोळशाच्या डब्यात लपून, कित्येक दिवस चालून, आम्स्टरडॅमला सख्ख्या मामाच्या दारात पोचला. मामा कापडाचा मोठा व्यापारी. घरातल्या प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जर्मनांचा शिक्का होता, यांना तूर्त नेऊ नये. याकोब दारातच सांगायला लागला. नेतात त्यांना मारतात. म्हाताऱ्यांना आणि पोरांना तर पोचल्या दिवशीच. शिक्का टिकणार नाही. आजच निघा.

मामा म्हणाला, "तुला ताप आहे. बायकांसमोर असलं बोलू नकोस. स्वयंपाकघरात जा, काहीतरी खा."

"माझ्या अंगाला घाण येत होती," याकोब मला म्हणाला. "त्याचीच लाज वाटली. सूप गरम होतं. ओरडायला हवं होतं मी. मी दोनदा वाढून घेतलं."

सत्तर वर्षं झाली. तरी हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी वैशालीताईंच्या घरी मंडळाची बैठक झाली. हॉल नगरपालिकेचा. त्यांच्याकडून ढोलाबद्दल विचारणा आली होती. माझ्या मुलाने माफीचं पत्र लिहिलं होतं, ते त्याने मराठीत वाचून दाखवलं. "आम्हाला या दिवसाची कल्पना नव्हती. कोणी लक्षात आणून दिलं असतं तर आम्ही नक्कीच थांबलो असतो." सगळ्यांनी माना हलवल्या. मी चहाचे कप भरत होते.

"कल्पना होती," मी म्हणाले. "मी दिली होती."

"आजी, असली पत्रं अशीच लिहितात," वैशालीताई म्हणाल्या. "खरं लिहिलं तर हॉल कायमचा जाईल."

"जाऊ दे."

"आई, खाली माझी सही आहे," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय, खोड."

या वेळी कोणी हसलं नाही. वैशालीताई गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा आत बसता का? आम्ही बोलून घेतो."

माझे पाय निघाले. खरंच निघाले. मी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि तिथेच उभी राहिले. बैठक संपेपर्यंत उभी होते.

त्यांनी त्यांचं पत्र पाठवलं. मग मी माझं लिहिलं. मी बोलले, याकोबने डचमध्ये उतरवलं, खाली चौथीतल्या अक्षरात माझी सही. 'आठ वाजण्याआधी आमच्यातल्या एका बाईने सांगितलं होतं. ती बाई मी. आम्ही ऐकलं नाही. आणि मीही एकदाच सांगून आत गेले.' मुलगा माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. उद्या हे पत्र मी स्वतः नगरपालिकेत नेऊन देणार. यापुढे जे माहीत आहे ते मी सांगणार, आणि ऐकेपर्यंत दारातून हलणार नाही. हलवायचं असेल तर मला उचलावं लागेल.

सही झाल्यावर मी याकोबला विचारलं, मामाच्या घरातलं शेवटी कोण उरलं?

मामा नाही. मामी नाही. त्यांच्या दोन मुली नाहीत. त्यांच्या घरी एक ज्यू मुलगी कामाला होती, सोळा वर्षांची. याकोब सूप खाताना जे पुटपुटत होता ते तिने भांडी घासता घासता ऐकलं. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून गेली ती परत आली नाही. एका शेतकऱ्याच्या माळ्यावर अडीच वर्षं लपून राहिली.

ती वाचली. आणि हा.